सामुद्रधुनी परक्यांची, जहाज परक्यांचे, जीव मात्र भारतीयांचा!

दि. २४ जुलै १९८७. इराण-इराक युद्धाचे सातवे वर्ष संपत आले होते. पर्शियाच्या आखातात फारसी बेटाजवळ ‘ब्रिजटन’ नावाचे एक महाकाय तेलवाहू जहाज पाणसुरुंगावर आदळले. चार लाख टनांहून अधिक माल वाहण्याची क्षमता असलेले हे जहाज मूळचे कुवेतचे. त्याचे जुने नाव पुसून, त्यावर अमेरिकेचा ध्वज चढवून, अमेरिकी युद्धनौकांच्या पहाऱ्यात ते आखातात आणले गेले होते. सुरक्षित तांड्याची ही पहिलीच फेरी आणि पहिल्याच फेरीत हा स्फोट! त्यानंतर जे दृश्य दिसले, ते सागरी इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे. संरक्षणासाठी आलेल्या युद्धनौका ‘ब्रिजटन’च्या पाठीमागे रांगेने उभ्या राहिल्या आणि भोक पडलेले व्यापारी जहाज पुढे राहून त्यांना वाट काढून देऊ लागले. कारण सरळ होते. पातळ पोलादाची युद्धनौका एका सुरुंगाने जायबंदी होते. अवाढव्य तेलवाहू जहाज मात्र भगदाड पडूनही तरंगत राहते. ज्याचे रक्षण करायचे, त्यालाच रक्षकांनी ढाल केले.

युद्धग्रस्त सामुद्रधुनीतून जाणाऱ्या व्यापारी जहाजाची स्थिती काय असते, हे सांगणारे यापेक्षा बोलके उदाहरण नाही. कायद्याची पुस्तके, विम्याची कागदपत्रे आणि महासत्तांची आश्वासने ही सारी शांततेच्या काळातली भूषणे. प्रत्यक्ष सुरुंग फुटतो तेव्हा पुढे असते ते व्यापारी जहाज आणि त्यावरचा निःशस्त्र खलाशी. या खलाशांत भारतीय किती असतात आणि त्या जहाजांपैकी भारताची किती असतात, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र वाचली, तर कोणाही विचारी नागरिकाची झोप उडावी.

तटस्थांनाच पहिला तडाखा

‘आपण कोणाच्या बाजूला नाही, आपले कोणाशी वैर नाही, मग आपल्या जहाजाला कोण कशाला हात लावील?’ अलिप्ततेच्या गुळगुळीत तत्त्वज्ञानावर पोसलेल्या आपल्याकडील विद्वानांचा हा आवडता सिद्धांत. टँकरयुद्ध या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८४ ते १९८८ या कालखंडाने त्याच्या चिंधड्या उडवल्या आहेत.

त्या संघर्षाचे गणित समजून घेतले पाहिजे. इराकची आखातातील तेलभरणी केंद्रे युद्धाच्या आरंभीच, १९८० साली, उद्ध्वस्त झाली होती. त्यामुळे इराकचे तेल नळांवाटे परदेशांतून बाहेर पडत होते. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाणारी इराकी तेलजहाजे उरलीच नव्हती. इराणचे तेल मात्र खार्ग बेटावरून समुद्रमार्गेच जात होते. इराकने फ्रान्सकडून मिळवलेली विमाने आणि एक्झोसेट क्षेपणास्त्रे घेऊन या जहाजांवर हल्ले सुरू केले. इराणला सूड घ्यायचा होता, पण घ्यायचा कोणावर? समुद्रात इराकचे जहाजच नाही! तेव्हा इराणने कुवेत आणि सौदी अरेबिया यांच्याकडे जाणारी-येणारी जहाजे लक्ष्य केली, कारण हे देश इराकला पैसा पुरवत होते. या जहाजांचे मालक, त्यांवरचे ध्वज आणि खलाशी बहुतांशी तिसऱ्याच देशांचे होते. ज्यांचे भांडण नव्हते तेच मारले गेले. चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले आणि चारशेहून अधिक खलाशांनी प्राण गमावले. जगातील सर्वांत मोठे जहाज म्हणून गाजलेले ‘सीवाइज जायंट’ मे १९८८ मध्ये लारक बेटाजवळ नांगरून उभे असताना इराकी विमानांनी पेटवले. तेच जहाज पुढे दुरुस्त झाले, अनेक नावे बदलत राहिले आणि अखेर गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर मोडीत निघाले.

जुलै १९८८ मध्ये तर आकाशही सुरक्षित राहिले नाही. अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे एक प्रवासी विमान शत्रूचे समजून पाडले. २९० निरपराध माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दहा भारतीय होते. तटस्थता हे धोरण असू शकते, ते चिलखत नव्हे.

कायदा कागदावर, सुरुंग पाण्यात

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १ जून १९८४ रोजी ठराव क्रमांक ५५२ संमत करून सौदी अरेबिया आणि कुवेतच्या बंदरांकडे जाणाऱ्या जहाजांवरील हल्ल्यांचा निषेध केला. परिणाम? हल्ले वाढतच गेले आणि १९८७ हे त्या युद्धातले सर्वांत भीषण वर्ष ठरले. आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून सर्व जहाजांना अनिर्बंध जाता यावे, अशी तरतूद १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात आहे. परंतु त्या करारावर इराणने केवळ स्वाक्षरी केली, अनुसमर्थन केले नाही आणि स्वातंत्र्याचा डांगोरा पिटणाऱ्या अमेरिकेनेही केले नाही. होर्मुझच्या चिंचोळ्या भागात जाण्यासाठी आणि येण्यासाठी प्रत्येकी दोन सागरी मैल रुंदीचा पट्टा आहे. अशा बोळात सुरुंग पेरायला आरमार लागत नाही, साधी होडीही पुरते. एप्रिल १९८८ मध्ये ‘सॅम्युअल रॉबर्ट्स’ ही अमेरिकी युद्धनौका ज्या सुरुंगावर आदळली, त्याचा आराखडा १९०८ सालचा होता. सुमारे पंधराशे डॉलरच्या त्या वस्तूने जवळपास नऊ कोटी डॉलरचे नुकसान केले.

न्यायालयांकडे पाहावे, तर तेथील अनुभवही विचार करायला लावणारा आहे. ‘कांचनजंगा’ हे भारतीय नौवहन महामंडळाचे तेलवाहू जहाज. युद्ध पेटल्यानंतर, नोव्हेंबर १९८० मध्ये, भाडेकरूंच्या सूचनेनुसार ते खार्ग बेटावर पोहोचले. १ डिसेंबरला बेटावर इराकचा हवाई हल्ला झाला आणि कप्तानाने जहाज तेथून बाहेर काढले. कोणताही जबाबदार कप्तान दुसरे काय करील? परंतु भाडेकरूंनी पुन्हा खार्गचाच आग्रह धरला आणि वाद थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. निकाल लागला १९९० साली, म्हणजे युद्ध संपून गेल्यानंतर. मालकांना बंदर असुरक्षित असल्याचे ठाऊक होते, तरीही त्यांनी जहाज तेथे नेले आणि माल भरण्यास सिद्ध असल्याची सूचना दिली. त्यामुळे ते बंदर नाकारण्याचा हक्क त्यांनी आपल्या वर्तनाने सोडून दिला, असे लॉर्डांनी ठरवले. असुरक्षित बंदर दिल्याबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार तेवढा उरला. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल काटेकोर असेलही. पण त्याचा व्यावहारिक बोध असा, की बॉम्ब पडायच्या आधी ‘नाही’ म्हणण्याची हिंमत दाखवली नाही, तर बॉम्ब पडल्यावर तो अधिकारही हातातून निसटलेला असतो.

दोन तुरुंग, दोन्हींत भारतीय

ही जुनी कथा आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी २०१९ सालचा जुलै महिना आठवावा. ४ जुलैला ब्रिटनच्या नौसैनिकांनी जिब्राल्टरजवळ ‘ग्रेस-१’ हे इराणी तेल वाहणारे जहाज पकडले. त्याला उत्तर म्हणून १९ जुलैला इराणच्या क्रांतिरक्षक दलाने होर्मुझच्या सामुद्रधुनीत ‘स्टेना इंपेरो’ हे ब्रिटिश ध्वजाचे जहाज ताब्यात घेतले. भांडण ब्रिटन आणि इराणचे. पण ‘ग्रेस-१’वर चोवीस भारतीय होते आणि ‘स्टेना इंपेरो’च्या तेवीस जणांपैकी अठरा भारतीय होते. दोन परकी राष्ट्रे एकमेकांवर सूड उगवीत होती आणि दोघांच्याही कोठडीत भारतमातेचेच पुत्र बसले होते!

त्यानंतरही ही मालिका थांबली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सौदी अरेबियाहून मंगळूरकडे निघालेल्या ‘केम प्लुटो’वर पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ड्रोन आदळला. जहाजावरील जवळपास सारे खलाशी भारतीय, ध्वज मात्र लायबेरियाचा. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज येमेनच्या हुथींच्या क्षेपणास्त्राने पेटले. त्यावर बावीस भारतीय, ध्वज मार्शल बेटांचा. एप्रिल २०२४ मध्ये इराणने होर्मुझजवळ ‘एमएससी एरिस’ हे मालवाहू जहाज पकडले. त्यावर सतरा भारतीय, ध्वज पोर्तुगालचा. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध भडकले, तेव्हा त्या पाण्यातल्या शेकडो जहाजांची उपग्रहाधारित दिशादर्शक यंत्रणाच भरकटवली गेली. आपण नेमके कोठे आहोत, हेच कप्तानाला कळू नये आणि समोर तेलाने भरलेले दुसरे जहाज असावे, याहून भयंकर अवस्था कोणती?

भारतीय नौदल स्वस्थ बसले, असे कोणीही म्हणू शकणार नाही. जून २०१९ पासून ‘ऑपरेशन संकल्प’च्या अंतर्गत नौदलाच्या युद्धनौका आखातात गस्त घालू लागल्या. ‘मार्लिन लुआंडा’ची आग विझवण्यासाठी ‘विशाखापट्टणम’चे नौसैनिक धावून गेले आणि मार्च २०२४ मध्ये हुथींनी पेटवलेल्या ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरील एकवीस जणांना ‘कोलकाता’ने वाचवले. या पराक्रमाला वंदन केलेच पाहिजे. परंतु आग विझवणे वेगळे आणि आग लागू न देणे वेगळे. आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार जहाजाच्या रक्षणाचा पहिला अधिकार ज्याचा ध्वज त्या राष्ट्राचा. ज्या राष्ट्राच्या ध्वजाखाली आपला खलाशी राबतो ते पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटे संकटकाळी कोणते आरमार पाठवणार? हे ध्वज कर वाचवण्यासाठी विकत घेतलेले असतात, रक्षणासाठी नव्हे.

‘बाजार पाहून घेईल’ म्हणणारे

दुसरा एक वर्ग उदारीकरणानंतर उदयाला आला आहे. त्याचे म्हणणे असे की, परक्यांच्या जहाजाचे भाडे स्वस्त पडत असेल, तर स्वतःची जहाजे कशाला पोसायची? धोका वाढला तर विमा आहेच. शिवाय टँकरयुद्धातही तेल वाहायचे कोठे थांबले?

हे शेवटचे विधान खोटे नाही. त्या युद्धात ये-जा करणाऱ्या एकूण जहाजांपैकी अगदी थोड्यांवर हल्ले झाले आणि १९८६ साली तर तेलाचे भाव कोसळले. पण तेल वाहत राहिले ते कोणाच्या जिवावर, हा प्रश्न या हिशेबनिसांच्या वहीत नसतो. विमा जहाजाचा असतो, मालाचा असतो. वडील न परतलेल्या घराचा नसतो. शिवाय विमाही फुकट नाही. कोणते पाणी धोक्याचे, हे लंडनच्या विमा बाजारातील समिती ठरवते आणि त्या पाण्यात शिरायचे तर साधारण सात दिवसांपुरता युद्धजोखमीचा जादा हप्ता भरावा लागतो. २०२४ च्या आरंभी तांबड्या समुद्रासाठी हा दर जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास पोहोचला होता. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीसाठी दहा लाख डॉलर! हा पैसा अखेर कोणाच्या खिशातून जातो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

भारत आपल्या गरजेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. स्वयंपाकाच्या गॅसची स्थिती अधिक नाजूक आहे. २०२४ च्या सुमारास देशाला लागणाऱ्या गॅसपैकी सुमारे साठ टक्के बाहेरून येत होता आणि त्यातला बहुतांश होर्मुझमार्गे. गावोगावच्या चुली विझवून घरोघर पोहोचलेली ती लाल टाकी एका चिंचोळ्या परक्या बोळातून आलेली असते. अशा राष्ट्राची स्वतःची जहाजे किती असावीत? ऐंशीच्या दशकापर्यंत भारताच्या परदेशी व्यापारातील सुमारे चाळीस टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. हा वाटा घसरत घसरत पाच टक्क्यांच्या घरात आला आणि परक्या जहाजांना भारत दरवर्षी सुमारे पंचाहत्तर अब्ज डॉलर भाडे मोजतो, असे खुद्द पंतप्रधानांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे सांगितले. शांततेच्या काळात हे भाडे स्वस्त वाटते. युद्ध पेटले की परका जहाजमालक प्रथम आपले जहाज पाहतो, मग भाव वाढवतो आणि अगदीच जड गेले तर येत नाही. त्याला दोष कसा द्यायचा? तो व्यापारी आहे. दोष त्याच्या भरवशावर राष्ट्राची चूल पेटवणाऱ्यांचा आहे.

आल्बुकर्कचा धडा

होर्मुझ आणि कोकण-गोव्याचा किनारा यांचे नाते तेलापेक्षा कितीतरी जुने आहे. ज्या आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला, त्यानेच १५१५ साली होर्मुझ बळकावले. समुद्राची दारे हाती आली की किनारे आपोआप शरण येतात, हे त्याने ओळखले होते. त्यानंतर पोर्तुगीजांच्या परवान्याशिवाय भारतीय व्यापाऱ्याला स्वतःच्याच समुद्रात जहाज हाकारता येईना. या मिजाशीला उत्तर दिले ते मराठ्यांनी. शिवछत्रपतींनी आरमार उभारले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी परक्यांनाच आपले दस्तक घ्यायला लावले. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले, यात नवल नाही. ज्याची मक्तेदारी मोडते तो शिव्या देणारच.

विसाव्या शतकात हाच वारसा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी वेगळ्या मार्गाने चालवला. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडेदर पाडून या स्वदेशी उद्योगाचा गळा घोटण्याचा प्रयत्न केला. स्वस्त भाडे हे कोणाचे शस्त्र असते, हे वालचंदांना त्या काळी समजले होते. आपण दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो आणि उरलेले ३६४ दिवस तो धडा विसरतो.

करायचे काय?

पहिली गोष्ट, स्वतःची जहाजे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणी आणि नौवहनासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे स्वागतार्हच आहे. पण यातून बांधली जाणारी पहिली जहाजे तेल आणि गॅस वाहणारी असली पाहिजेत आणि भारतीय ध्वज लावणाऱ्या मालकाला महागडे कर्ज आणि कर यांच्या ओझ्याखाली चिरडणे थांबले पाहिजे. भारतीय ध्वज असेल, तरच भारतीय युद्धनौकेचा पहिला हक्क चालतो.

दुसरी गोष्ट, सुरुंगनिवारक नौका. येथे कोणत्याही पक्षाच्या सरकारला पाठीशी घालता येणार नाही. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या बारा सुरुंगनिवारक नौका एकामागून एक निवृत्त झाल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये शेवटची ‘कोझिकोड’ही गेली. त्यांची जागा घेणाऱ्या बारा नौका गोवा शिपयार्डमध्ये बांधण्याचा सुमारे बत्तीस हजार कोटींचा प्रकल्प कोरियन कंपनीशी वाटाघाटी फिसकटल्याने २०१८ मध्येच रद्द झाला होता. जुलै २०२५ मध्ये संरक्षण सामग्री संपादन परिषदेने अशा नौकांना पुन्हा प्राथमिक मान्यता दिली. ‘ब्रिजटन’च्या स्फोटाला तोवर अडतीस वर्षे झाली होती! मान्यतेचा कागद पाण्यातले सुरुंग वेचत नाही. या नौका शक्य तितक्या लवकर पाण्यात उतरल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट, साठा. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत गुहांत मिळून ५३.३ लाख टन कच्चे तेल मावते. त्या पूर्ण भरल्या, तरी देशाची साडेनऊ दिवसांची गरज भागते. तेल कंपन्यांचे साठे धरले तर हा आकडा ७४ दिवसांपर्यंत जातो, असे सरकारने सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना मात्र नव्वद दिवसांच्या आयातीइतका साठा बंधनकारक असतो. चंडीखोल आणि पादूर येथील दुसऱ्या टप्प्याला जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. ती कामे तडीस गेलीच पाहिजेत. गॅसच्या साठवणुकीचा विचार तर याहूनही तातडीचा आहे.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. युद्धक्षेत्रात जाण्यास नकार देण्याचा अधिकार, दुप्पट वेतन आणि वाढीव भरपाई या गोष्टी खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारांत आहेत. पण रत्नागिरी, रायगडपासून बिहार, उत्तर प्रदेशापर्यंतची जी मुले विनापरवाना दलालांच्या हाती लागून समुद्रावर जातात, त्यांच्यापर्यंत हे अधिकार पोहोचतच नाहीत. नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे. अशा दलालांची दुकाने बंद करायला परराष्ट्रनीती बदलावी लागत नाही, इच्छाशक्ती लागते.

सामुद्रधुनी कोणाची, हा वाद तेहरान, रियाध आणि वॉशिंग्टन यांच्यात चालत राहील. त्या वादाचा निवाडा भारताच्या हाती नाही. परंतु त्या पाण्यातून जाणारे जहाज कोणाचे, त्याच्या पुढचा सुरुंग कोण काढणार आणि ते चार आठवडे आलेच नाही तर घरातील चूल कशावर पेटणार, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्लीतच ठरतात. १९८७ साली व्यापारी जहाजाला पुढे करून युद्धनौका मागे राहिल्या. भारताने आपल्या खलाशाला असेच पुढे करून स्वतः मागे राहायचे काय, याचा निर्णय आता राज्यकर्त्यांनी करावा आणि तो करायला त्यांना भाग पाडणे हे जागृत समाजाचे कर्तव्य आहे.